बिंदूला रंग कोण देतं? नागपूरच्या नकाशांपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

आजचा विषय ऐकताना किरकोळ वाटेल, पण थोडा धीर धरा.

संगणकावर आलेख काढणं आता शाळेतल्या मुलांनाही जमतं. चार-पाच जिल्ह्यांचे पावसाचे आकडे द्यायचे, बटण दाबायचं, की रंगीत ठिपके हजर. अकोला निळा, अमरावती नारिंगी, भंडारा हिरवा. आपण आलेख वर चाललाय की खाली, एवढं बघतो. अकोला निळाच का, हे विचारत नाही. कोणी ठरवलं? कधी ठरवलं? आणि उद्या याच आकड्यांत एक जिल्हा वाढला, तर अकोला निळाच राहील का?

हा प्रश्न नागपुरात विचारायला खास कारण आहे. रंग आणि खुणा वापरून माहिती मांडणाऱ्या इतक्या संस्था एका गावात क्वचितच सापडतील. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय इथं आहे. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र १९४५ पासून इथं आहे. माती आणि जमीनवापराचं राष्ट्रीय ब्यूरो १९७६ साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय अमरावती रोडला. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र १९८८ सालचं, तेही इथलंच. हवा-पाण्याचं प्रदूषण मोजणारी नीरी १९५८ सालची. खडक, पाऊस, माती, पीक, हवा या सगळ्यांचे आकडे या शहरात रंग घेऊन कागदावर उतरतात. म्हणून बिंदूला रंग देण्याचा इतिहास आपण इथूनच सुरू करू.

सुरुवात खडकांपासून. नागपूर ज्या जमिनीवर वसलंय, ती जमीन म्हणजे एक सीमाच आहे. पश्चिमेला गेलात, की दख्खनचा काळा बेसाल्ट लागतो. पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालात, की फार जुने स्फटिकी खडक. उत्तरेला कामठीकडे वाळूचे खडक आणि कोळसा. कामठी हे नाव तर खडकांच्या एका गटालाच मिळालं आणि भूशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं. १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या सगळ्यांना माहीत आहे, ते मोकळ्या वेळात हेच खडक बघत फिरायचे. सीताबर्डी, टाकळी या भागात लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या अवशेषांवर त्यांनी लिहिलं. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध १८५० च्या दशकात लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

आता असा विचार करा. अशा प्रदेशाचा नकाशा काढायचा, तर एकाच पानावर तीन-चार जातींचे खडक दाखवावे लागतात. रंग कोणता द्यायचा? इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ यांनी १८१५ साली मोठा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या प्रती हातानं रंगवल्या होत्या. प्रत्येक थराच्या तळाशी रंग गडद आणि वर फिका, अशी त्यांची युक्ती होती. त्यामुळे कोणता थर कोणाच्या वर बसलाय, हे रंगावरूनच कळायचं. पण हा स्मिथ यांचा रंग. दुसऱ्या देशातला माणूस दुसरा रंग वापरणार, तिसऱ्यातला तिसरा. दोन नकाशे शेजारी ठेवले, की निळ्याचा अर्थ इकडे एक, तिकडे भलताच.

हा गोंधळ मिटवायला १८८१ साली इटलीत बोलोन्या शहरात भूशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद बसली. युरोपच्या सामायिक नकाशासाठी तिथं रंग ठरले. ट्रायासिक जांभळा, ज्युरासिक निळा, क्रिटेशियस हिरवा, टर्शरी पिवळा. ज्युरासिक खडक काही निळे नसतात. पण बैठकीत बसून सगळ्यांनी मान्य केलं, की इथून पुढे निळा म्हणजे ज्युरासिक. म्हणजे रंग नावाला बांधला गेला. नकाशात ज्युरासिक खडक पहिला येवो की पाचवा, त्याचा रंग तोच. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे संगणकापाशी पोहोचल्यावर आपल्याला तिचीच गरज पडणार आहे.

आता खुणांकडे वळू. रंग महाग होता, तार स्वस्त होती. हवामानाचे आकडे तारेनं यायचे, आणि ते नकाशावर झटपट मांडावे लागायचे. त्यासाठी जी पद्धत घडली, ती मोठी शिस्तीची आहे. प्रत्येक ठाण्यासाठी एक छोटं वर्तुळ. आकाश ढगांनी जितकं आठव्या हिश्शांनी भरलंय, तितकं वर्तुळ काळं करायचं. अर्धं आभाळ असेल तर अर्धं वर्तुळ, पूर्ण झाकोळलं तर पूर्ण काळं. वाऱ्यासाठी वर्तुळाला एक दांडी, ती वारा ज्या दिशेनं येतो त्या दिशेला. दांडीला पिसं. लहान पीस म्हणजे पाच नॉट, मोठं पीस म्हणजे दहा, आणि त्रिकोणी झेंडा म्हणजे पन्नास. पावसाला टिंब, झिमझिमीला स्वल्पविराम, धुक्याला एकाखाली एक तीन आडव्या रेघा, हिमाला चांदणी.

आणि हे मोघम नव्हतं. निरीक्षणाच्या वेळी हवा कशी आहे, हे शून्य शून्य ते नव्व्याण्णव अशा शंभर आकड्यांत सांगायचं, आणि त्या आकड्यांच्या खुणाही ठरलेल्या. एकसष्ट आकडा आला, की शेजारी शेजारी दोन टिंबं. म्हणजे थोडा पण सलग पाऊस. सकाळी साडेआठची निरीक्षणं कार्यालयात आली, की नकाशा मांडणारा कर्मचारी आकडा वाचायचा आणि त्या आकड्याची खूण काढायचा. आज संगणक जे काम करतो, नेमकं तेच काम तो माणूस करत होता. आकड्याला खूण नेमून देणं. फरक एवढाच, की त्याच्यासमोर जगानं मान्य केलेली यादी होती, आणि त्या यादीबाहेर जायची त्याला मुभा नव्हती. त्यामुळे नागपूरचा नकाशा नैरोबीतल्या माणसालाही वाचता यायचा.

यादी नसली तर काय होतं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून चांगलं समजतं. भारताचा नियमित वापरातला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये सोडला गेला. अशा उपग्रहांचे कॅमेरे आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात. हिरवं, निरोगी पीक हा प्रकाश भरपूर परत फेकतं. आता न दिसणाऱ्या प्रकाशाला दाखवायचं कोणत्या रंगात? रूढ पद्धतीनं त्याला लाल रंग दिला जातो. म्हणून काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा अशा चित्रात लालभडक दिसतात. ज्याला हे माहीत नाही, तो म्हणेल पीक करपलं. ज्याला माहीत आहे, तो म्हणेल पीक जोमात आहे. चित्र तेच, आकडे तेच. मातीच्या नकाशांचंही तसंच आहे. काळ्या मातीला नकाशात काळाच रंग असेल, असं समजून चालत नाही. कोपऱ्यातली सूची आधी वाचावी लागते.

इथं एक अडचण सांगायला हवी. ठरलेला रंग प्रत्येक ठिकाणी सारखाच ठरलेला असतो, असंही नाही. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक घ्या. आपल्याकडे राष्ट्रीय निर्देशांकात १०१ ते २०० हा टप्पा मध्यम, आणि त्याचा रंग पिवळा. अमेरिकेत १५१ ते २०० या टप्प्याचा रंग लाल, आणि त्याचा अर्थ आरोग्याला अपायकारक. म्हणजे १८० आकडा इथं पिवळ्या चौकोनात दिसेल, तिथं लाल. निर्देशांक काढायच्या रीतीत दोन्हीकडे फरक आहे, हे खरं. पण परदेशी ॲपवर नागपूरची हवा बघणारा दम्याचा रुग्ण एवढा हिशेब करत बसत नाही. तो रंग बघतो, आणि सकाळी फिरायला जायचं की नाही ते ठरवतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचंही तेच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे चार रंग लोकांच्या अंगवळणी पडलेत, म्हणूनच त्यांचा उपयोग आहे.

आता यंत्राकडे येऊ. १९५९ साली कॅलकॉम्प कंपनीचं ५६५ नावाचं रेखनयंत्र बाजारात आलं. कागद गुंडाळलेलं एक पिंप, आणि त्यावर सरकणारं एक पेन. पेन एकच, म्हणून रंगाचा प्रश्नच नव्हता. पुढे १९८० च्या दशकात एचपी कंपनीचं ७४७५ए आलं, त्यात सहा पेनांची फिरती चकती होती. आज्ञावलीत आपण लिहायचं, की पेन क्रमांक एक उचल, मग पेन क्रमांक दोन उचल. यंत्राला लाल-हिरवं काही माहीत नसायचं. त्याला फक्त क्रमांक माहीत. पहिल्या खाचेत कोणत्या रंगाचं पेन खोचलंय, हे खोचणाऱ्याला ठाऊक.

मित्रहो, इथं मोठा बदल झाला. बोलोन्यात रंग नावाला बांधला होता. इथं रंग रांगेतल्या जागेला बांधला गेला. पहिल्या आकड्यांना पहिलं पेन, दुसऱ्यांना दुसरं. पेनं गेली, पडदे आले, पण ही सवय तशीच राहिली. १९८६ साली आलेल्या ग्नूप्लॉटमध्ये रेघांना रंगाचं नाव नव्हतं, प्रकार क्रमांक एक, दोन, तीन असे होते. एका उपकरणावर प्रकार एक म्हणजे लाल रेघ, दुसऱ्यावर साधी अखंड काळी. बिंदूंच्या खुणांचंही तसंच. पहिली अधिकचं चिन्ह, दुसरी फुली, तिसरी फुलीवर रेघ टाकलेली चांदणी. १९९७ ते २००३ च्या एक्सेलमधले आलेख अनेकांना आठवत असतील. पहिली मालिका गडद निळी आणि तिची खूण शंकरपाळी, दुसरी गुलाबी चौकोन, तिसरी पिवळा त्रिकोण. तो पिवळा त्रिकोण पांढऱ्या कागदावर छापला, की शोधावा लागायचा.

आता आपण विदर्भाचे जिल्हे घेऊन हे करून पाहू.

आज विदर्भात अकरा जिल्हे आहेत. पण १९८२ पूर्वी आठच होते. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. वाशिम १९९८ साली अकोल्यातून, गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. समजा, आपण १९७१ च्या काळातले आकडे पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये घातले, आणि जिल्हे इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावले. आजच्या आवृत्तीत दहा रंग ठरलेले आहेत: निळा, नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा, तपकिरी, गुलाबी, करडा, शेवाळी, आकाशी. आठ जिल्ह्यांत नागपूर सहावा, म्हणून तपकिरी. यवतमाळ आठवा, म्हणून करडा.

आता आजचे आकडे घाला. गडचिरोली आणि गोंदिया नागपूरच्या आधी रांगेत घुसले. नागपूर आठवा झाला, म्हणजे करडा. तपकिरी आता गडचिरोलीला. एका पानावर १९७१ चा आलेख, समोरच्या पानावर आजचा. वाचक करडी रेघ धरून डावीकडून उजवीकडे जातो, आणि त्याला वाटतं आपण एकच जिल्हा पाहतोय. प्रत्यक्षात तो यवतमाळवरून नागपूरवर आलेला असतो. कापसाच्या जिल्ह्याची गोष्ट वाचता वाचता तो शहराच्या जिल्ह्यात पोहोचला, आणि त्याला पत्ताही लागला नाही.

पुढे ऐका. रंग दहा, जिल्हे अकरा. मग अकराव्याचं काय? रंग संपले, की यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. म्हणजे यवतमाळ निळा. पण निळा तर अकोला आहे. दोन जिल्हे एकाच रंगात. २०१७ पूर्वीच्या आवृत्तीत रंग सातच होते, आणि आठ जिल्ह्यांतला आठवाही यवतमाळच. म्हणजे जुने आकडे जुन्या आवृत्तीत घातले तरी अकोला आणि यवतमाळ एकाच रंगाचे!

आता रंगांऐवजी खुणा वापरून बघू. आर भाषेतल्या जीजीप्लॉट-टू या प्रसिद्ध साधनात आपोआप मिळणाऱ्या खुणा सहाच आहेत. सहापेक्षा जास्त आकार डोळ्याला वेगळे ओळखता येत नाहीत, असं त्यामागचं कारण, आणि ते बरोबर आहे. पण सातव्या गटाचं पुढे काय होतं? त्याला खूण मिळतच नाही. इशाऱ्याची एक ओळ येते, ती बहुतेक जण वाचत नाहीत, आणि त्या गटाचे बिंदू आलेखात काढलेच जात नाहीत. इंग्रजी क्रमानं पहिले सहा कोण? अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली. संपलं. विदर्भाच्या आलेखातून नागपूरच गायब. सोबत गोंदिया, वर्धा, वाशिम आणि यवतमाळ.

आणि हीच नावं देवनागरीत लिहिली तर? मग सगळी रांगच बदलते. अकोला, अमरावती, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर. यावेळी नागपूर सहाव्या जागी आलं आणि थोडक्यात वाचलं. आता बुलढाणा आणि भंडारा गेले. आकड्यांमध्ये तसूभर फरक नाही. फक्त नाव कोणत्या लिपीत लिहिलं, यावर जिल्हा दिसणार की नाही हे ठरलं. याच साधनात रंग वापरले, तर वेगळीच गंमत. तिथं रंगांची ठरलेली यादीच नसते. जितके गट, तितक्या समान भागांत रंगचक्र वाटलं जातं. त्यामुळे एक जिल्हा वाढला, की जवळपास सगळ्यांचेच रंग सरकतात.

यात यंत्राची चूक आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. साधन बनवणाऱ्याला माहीत नसतं, की तुम्ही त्यात जिल्हे घालणार, खडक घालणार की रुग्ण. त्यानं निदान दोन गट एकमेकांपासून वेगळे दिसतील, एवढी सोय केली. आणि ती सोय सुधारायला अनेकांनी बरेच कष्टही घेतलेत. फ्रान्सचे जाक बेर्तँ यांनी १९६७ साली आपल्या पुस्तकात मांडलं, की रंगछटा आणि आकार यांनी वेगळेपण दाखवता येतं, कमी-जास्तपणा मात्र नीट दाखवता येत नाही. लाल हा हिरव्यापेक्षा मोठा, असं डोळा कधीच म्हणत नाही. गडद हा फिक्यापेक्षा जास्त, हे मात्र लगेच म्हणतो. तरीही वर्षानुवर्षं पावसाचे, तापमानाचे नकाशे इंद्रधनुष्याच्या पट्टीत रंगवले गेले. त्या पट्टीत मधला पिवळा इतका उजळ असतो, की जिथं आकड्यांत काहीच खास नाही, तिथं डोळ्याला कडा दिसते. २०१५ साली स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि नॅथानिएल स्मिथ यांनी विरिडिस नावाची पट्टी तयार केली. गडद जांभळ्यापासून उजळ पिवळ्यापर्यंत, एकसारखी उजळत जाणारी. जानेवारी २०१७ च्या मॅटप्लॉटलिबमध्ये इंद्रधनुष्याच्या जागी ती आली. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनाही ती वाचता येते, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही तिचा क्रम टिकतो. ग्नूप्लॉटनंही पाचव्या आवृत्तीत अशाच विचारानं आपले रंग बदलले.

हे सगळं चांगलंच आहे. पण लक्षात घ्या, इतकं होऊनही नागपूरला कोणता रंग द्यायचा, हे यंत्राला कळलेलं नाही, आणि कळणारही नाही. ते काम आपलंच आहे, आणि ते अवघडही नाही. या सगळ्या साधनांमध्ये नाव आणि रंग यांची जोडी लिहून देता येते. नागपूर तपकिरी, यवतमाळ करडा, अशी यादी एकदा करायची आणि आकड्यांच्या शेजारी जपून ठेवायची. पुढचा आलेख दुसऱ्या माणसानं काढला, तरी यादी तीच. गट सहा-सातच्या वर गेले, तर सगळ्यांना एकाच चौकटीत कोंबायचं नाही. छोटे छोटे आलेख शेजारी मांडायचे, किंवा रेघेच्या टोकालाच नाव लिहायचं. आलेख काढून झाल्यावर सूचीतली नावं मोजायची. अकरा जिल्हे दिले होते, तर अकरा दिसतात का? आणि दिसणाऱ्या प्रत्येक नावाचे बिंदू खरंच आलेखात आहेत का?

प्रबंध लिहिणारी मुलं, ग्रामपंचायतीचे अहवाल करणारे, वर्तमानपत्रांत आलेख देणारे, यांच्यापैकी बरेच जण आज आपल्यासोबत असतील. तुमच्या आलेखावरून कोणीतरी ठरवणार असतं, की कोणत्या जिल्ह्याला टँकर आधी द्यायचे. तिथं दोन जिल्हे एका रंगात गेले, किंवा एक जिल्हा आलेखातून नाहीसा झाला, तर ज्याचं नुकसान होतं तो माणूस त्या खोलीत बसलेलाच नसतो. तो येऊन विचारणार नाही, की आमचा ठिपका कुठे गेला.

विदर्भात नव्या जिल्ह्यांच्या मागण्या अधूनमधून होतच असतात. बारावा जिल्हा झाला, तर त्याला नवा रंग द्या आणि यादीच्या शेवटी लिहा. बाकीच्या अकरांना जागचं हलवू नका.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.